हा काय प्रकार आहे

जालन्याच्या जुन्या एमआयडीसीत
बियाण्याच्या गोदामावर पत्र्याची खोली, तिच्यात मी.
खाली सोयाबीनची पोती.
मधला लोखंडी जिना मे महिन्यात
हात लावू देत नाही.

आधीच्या माणसानं प्रत्येक लॉटपुढे
एक चौकट ठेवली होती : तपासला, हो की नाही.
कुणीही यावं, टिचकी मारावी.
गेल्या हंगामात मारलीही कुणीतरी.
मंठ्याहून आलेला तक्रारअर्ज
अजून फायलीत आहे,
सहीवर चहाच्या कपाचा गोल डाग.

मी चौकट काढून टाकली.
तिच्या जागी काय लिहावं
ते महिनाभर सुचलं नाही.

सुचलं ते हमीद चाऊसच्या हातांकडे बघताना.
न तपासलेल्या पोत्याला तो सुरगाठ मारतो,
नमुना काढायला परत सोडावी लागते म्हणून.
पास झालेल्याला निरगाठ.
नापासाला गाठच नाही, तोंड नुसतं दुमडून
जाळीपलीकडे, तेलाच्या गिरणीसाठी.
‘लाइट गई तो लेबल कौन पढता?
हात को मालूम पडता.’

मग मी लिहिलं :
लॉट म्हणजे एक वस्तू नव्हे.
आलेला, उगवलेला, नाकारलेला,
तीन वेगळे प्रकार, तीन वेगळ्या गाठी.
आलेल्याला वजन आहे, गाव आहे,
उगवणीचा आकडा ठेवायला जागाच नाही.
शून्यसुद्धा नाही.
शून्य म्हणजे एकही दाणा उगवला नाही,
आणि अजून बघितलंच नाही, ही निराळी गोष्ट.
नाकारलेला, कारण दिल्याशिवाय जन्मत नाही.
आणि उगवलेला घडतो एकाच ठिकाणी,
मुक्ता डोईफोडेच्या टेबलावर :
ओल्या कागदाच्या चार गुंडाळ्या,
प्रत्येकीत शंभर दाणे, आठवा दिवस.
‘ट्रकात भर’ ही ओळ
फक्त निरगाठ ओळखते.

जून. फाटकाशी ट्रक, इंजिन चालूच.
शेठचा पुतण्या नितेश दोन-दोन पायऱ्या चढत वर आला.
लॉट बावन्न सोडा म्हणाला.
सहावा दिवस होता.
मी वाद घातला नाही, त्याच्यासमोर ओळ लिहिली :
ट्रकात भर, बावन्न.
ओळीखाली लाल रेघ आली. प्रोग्राम उभाच राहीना.
‘हा काय प्रकार आहे?’
तेच, म्हटलं. प्रकारच आहे.
तो हसला नाही.
चौकट कुठे गेली, विचारत राहिला.
ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं
आणि ट्रकाखाली सतरंजी टाकली, दोन रात्री.

त्या दोन रात्री मी जरा ताठ मानेनं जेवलो, खरं सांगतो.
चुकीला राहायला घरच ठेवलं नाही आपण,
असं बायकोला दोनदा सांगितलं.
ती म्हणाली, भाकरी गार होतेय.

आठव्या दिवशी मुक्तानं चौथा कागद उलगडला.
दोनशे ऐंशी लागतात.
दोनशे एकोणऐंशी झाले.
आणि एक कोंब उरला,
मुळाशी वाकडा, वर हिरवा,
जगेल असाही, न जगेल असाही.
तिनं चिमट्यात धरून तो उजेडाकडे केला.
‘सर, हा धरू का?’

मी स्क्रीनकडे बघितलं.
तिथे तिच्यासाठी मी एका आकड्याची जागा ठेवली होती.
ती देईल तो आकडा खरा, असं मानून
त्यावर माझे सगळे मजले चढवलेले.
त्या जागेखाली काहीच नव्हतं,
एक बाई होती, तिचा चिमटा, तिचे डोळे.

‘तुम्ही ठरवा,’ म्हटलं.
तिनं कोंब बाजूला ठेवला
आणि पहिल्या कागदापासून पुन्हा मोजायला घेतलं,
ओठ हलवत.

खाली चाऊस, बावन्नच्या पोत्याचं तोंड
मुठीत धरून उभा,
दुसऱ्या हातात सुतळी.